पिसातलं तांबं

याउंदे
३ ऑक्टोबर १९९८

मा सिरी,

मी लुम. पा आंबेंची मुलगी, तुझ्या सवतीच्या, मांकाच्या पोटची. चौदा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने आधी नाव सांगावं, म्हणजे वाचायचं की चुलीत घालायचं हे समोरच्याला पहिल्याच ओळीत ठरवता येतं.

वाचत असशील तर कामाचं आधी लिहिते. राजवाड्यातून पांना निरोप आला आहे. नवा राजा त्यांना पुन्हा मानाचं लाल पीस देणार आहे, नाचाच्या दिवशी, १२ डिसेंबरला. पण पीस टोपीत खोवण्याआधी पांनी सगळ्यांसमोर शपथ घ्यायची आहे: ज्या बाईच्या खोटेपणामुळे पहिल्या पिसाचा रंग गेला, ती बाई पुन्हा कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ती बाई म्हणजे तू. ही शपथ एकदा झाली की राजालाही मोडता येत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मला हे गावाहून, म्बेलेमहून आलेल्या चुलतभावाने बसथांब्यावर सांगितलं. भाजलेलं कणीस खात खात, जणू कुणाच्या छपराचा पत्रा बदलायचा आहे अशा आवाजात.

ती शपथ होऊ नये असं मला वाटतं. रंग कुणाच्या खोटेपणामुळे गेला नव्हता आणि हे आता मी सिद्ध करू शकते.

मी इथे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. मादाम एसोम्बा धातू असलेल्या रंगांवर संशोधन करतात, मी त्यांची मदतनीस. या रंगांची रचना साधी आहे. मधोमध धातूचा एक अणू, त्याला चारी बाजूंनी धरून बसलेले नायट्रोजनचे चार अणू आणि त्यांच्याभोवती कार्बनचं मोठं कडं. पानाच्या हिरव्यात मधल्या जागी मॅग्नेशियम असतं, रक्तात लोह असतं. दारं-खिडक्या रंगवायच्या निळ्या रंगात तांबं असतं. तो माणसाने बनवलेला आहे. पांचं पीस ज्या पक्ष्याचं, त्या तुराकोच्या पंखातल्या लाल रंगातही तांबंच असतं, शंभर भागांत सहा-सात भाग, आणि तो पक्ष्याचा स्वतःचा. तांबं त्या कड्यात फार घट्ट बसतं. मॅग्नेशियम तसं नसतं. भाजीत थोडं आंबट पडलं तरी ते जागा सोडतं आणि पाला मळकट होतो. तू भाजीत कान्व्याच्या खाऱ्या दगडाचा चिमूटभर चुरा टाकायचीस आणि भाजी हिरवीगार राहायची. मी कारण विचारलं तर म्हणायचीस, "दगडाला पाल्याची दया येते." दया नव्हे, क्षार. पण तुझं उत्तर मी अजून विसरलेली नाही.

मार्चमध्ये मादामनी प्राणिसंग्रहालयातून तुराकोची गळलेली पिसं आणली. त्यातलं एक मी अमोनियाच्या सौम्य पाण्यात टाकलं. दहा मिनिटांत पाणी गुलाबी, तासाभरात लाल, आणि पीस राखी. हा रंग उन्हात टिकतो, पावसात टिकतो, साध्या पाण्यात वर्षभर ठेवलं तरी टिकतो. क्षाराच्या पाण्यात मात्र तो पीस सोडून पाण्यात उतरतो. नष्ट होत नाही, फक्त जागा सोडतो. मी स्टुलावर बसले. मादामनी विचारलं, "सकाळी खाल्लं नाहीस का?" मी म्हटलं, "नाही."

खाल्लं होतं.

चौदा वर्षांपूर्वी पांचं पीस नाचाच्या आदल्या दिवशी कान्व्याच्या पाण्यात पडलं होतं. बाकी काही घडलं नव्हतं. हे मी राजवाड्यात करून दाखवू शकते, पण विषय तुझ्या नावाचा आहे, तेव्हा आधी तुझी परवानगी हवी. उत्तर वरच्या पत्त्यावर पाठव. नाही पाठवलंस तरी समजेन.

तुझी
लुम


याउंदे
२५ ऑक्टोबर

मा सिरी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्या इथे उतरवून काढते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे हे माझ्याही समोर राहील.

"मापारीण बाई, पत्र पोचलं. रसायन बरंच आहे, खरं कमी आहे. पीस पडलं म्हणतेस. खुंटीवरची टोपी, टोपीतलं पीस, ते तिथून उडून माझ्या मडक्यात पडलं? पक्षी मेला तरी पीस उडतच होतं वाटतं."

मला 'मापारीण' म्हणणारं तुझ्यानंतर कुणी भेटलं नाही. मी सगळं मोजायचे म्हणून तू ते नाव ठेवलंस: मक्याच्या कणसावरच्या ओळी, राजवाड्याच्या पायऱ्या, तुझ्या आरशाला गेलेले तडे. तीन होते. पिवळं कालवण करताना तू मला कान्वा मोजायला द्यायचीस, बाटलीच्या टोपणाने. दगड भिजवायचा, पाणी गाळायचं, त्यात पाम तेल ओतायचं. लाल तेल आणि पाणी, एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी न राहणारी दोघं, कान्वा पडला की घोटता घोटता मिसळून पिवळी व्हायची. मला तो चमत्कार वाटायचा. तू म्हणायचीस, "चमत्कार नाही गं, भांडण मिटवणारा शेजारी आहे तो." पुढे बामेंडाच्या शाळेत साबणाचा धडा आला तेव्हा वर्गात मला एकटीलाच तो आधी येत होता.

आता खरं.

नाचाच्या आदल्या दुपारी सगळे राजवाड्यापुढचं मैदान झाडायला गेले होते. मी घरी होते, पाय मुरगळला म्हणून. तो मुरगळला नव्हता. मला पीस जवळून बघायचं होतं. पा टोपी घालून उभे राहायचे तेव्हा मी त्यांच्या कमरेइतकी, पीस आभाळात. बायकांनी, मुलींनी त्याला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. मी स्टूल ठेवलं, टोपी काढली, पीस उपसून खिडकीपाशी नेलं. ते तसं लाल मी त्यानंतर कुठल्याच बाटलीत पाहिलेलं नाही.

मग दिसलं की माझ्या अंगठ्याचा ठसा त्याच्यावर उमटला आहे. मी भाजलेलं कच्चं केळं पाम तेलात बुडवून खाल्लं होतं आणि हात नीट पुसले नव्हते. तेलाचा डाग. तेल कशाने सुटतं हे मला घरात कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, कारण ते तू शिकवलं होतंस. तुझ्या चुलीशेजारी दुसऱ्या दिवशीच्या कालवणासाठी गाळून ठेवलेलं कान्व्याचं पाणी होतं. मी पीस त्यात बुडवलं.

तेल गेलं. पाणी गुलाबी झालं. मला वाटलं, वरचा थोडा रंग निघतो आहे, थांबला की काढू. मी शंभर मोजले, मग पाचशे. तेवढ्यात शेजारणीने हाक मारली, मी बाहेर गेले. परत आले तेव्हा पीस भिजलेल्या उंदरासारखं झालं होतं.

पाणी मी फेकून दिलं. पीस वाळवून टोपीत खोवलं.

सकाळी पांनी अंधाऱ्या खोलीत टोपी चढवली, तिच्याकडे न बघता. ते कधीच बघायचे नाहीत. बघणं म्हणजे मिरवणं, असं म्हणायचे. मैदानात ऊन होतं. तिथे काय झालं ते तू माझ्या शेजारी उभी राहून पाहिलंस. दरबारातले पा फ्रु वाकून टोपीकडे बघत म्हणाले, "आंबे, कोंबडी कुठली?" लोक हसले. मग हसणं थांबलं, ते जास्त वाईट होतं. जुन्या राजाच्या दरबारातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, घरात खोटं कोण आहे. आणि पा फ्रुंनीच तुझ्या माहेराचं नाव घेऊन उत्तर दिलं, "आकोनच्या बायका फार हसतात."

ऊन उतरायच्या आत तू निघालीस. डोक्यावर टोपली, टोपलीत आरसा, उपडा. मी मक्याच्या कणगीमागे होते. बाहेर आले नाही.

हे मी केलं. हेच मी राजवाड्यात सांगेन.

लुम


याउंदे
१७ नोव्हेंबर

मा सिरी,

तुझं दुसरं पत्र मी तीन वेळा वाचलं. एवढं मी मादामच्या सूचनाही वाचत नाही.

"तू केलंस हे मला मैदानातच कळलं होतं. आदल्या संध्याकाळी ताटात हात घातलास तेव्हा तुझी नखं मुळाशी लाल होती. मी काही बोलले नाही. मैदानात बोलायची वेळ आली तेव्हा वाटलं, अकरा वर्षांच्या पोरीकडे बोट दाखवून मी ज्या घरात राहीन, ते घर कसलं? म्हणून ते लिहून मला नवीन काही सांगितलं नाहीस. मला माहीत नाही ते लिही. माझं कान्व्याचं मडकं भरलेलं असलं की मलाही ते जेमतेम उचलायचं. ते तू एकटीने फेकलंस? मापारीण, माप चुकलं."

चौदा वर्षं मला वाटत होतं की मी एक गोष्ट लपवून ठेवली आहे. ती तुझ्यापाशी होती, आणि तू ती वापरली नाहीस. 

मडकं आईने उचललं.

ती मैदानातून आधी परतली होती, पाणी प्यायला. दारात उभी राहून तिने एकदा मडक्यात पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओरडली नाही. मडकं कमरेवर घेतलं, मागे नेलं आणि केळीच्या बुंध्याशी रिकामं केलं. पीस तिने चुलीवर धरून वाळवलं. मग माझे हात राखेने घासले, नखं मात्र राहिली. म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस, मी काही पाहिलं नाही. पाय दुखतोय ना? मग पडून राहा."

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. ते लिहिण्याआधी तिच्याशी बोलायला हवं होतं, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे मला ते लिहायचंच नव्हतं.

तर गेल्या शनिवार-रविवारी म्बेलेमला जाऊन आले. रस्ता अजून तसाच, बस अजून तशीच, निलगिरीच्या झाडांपाशी सगळ्यांनी उतरून ढकलायची. घर तसंच आहे. तुझं स्वयंपाकघर आता मका ठेवायला वापरतात. चुलीचे तीन दगड जागेवर आहेत. मी आत गेले आणि धुराचा वास आला. इतकी वर्षं तिथे चूल पेटली नाही, वास यायला नको होता; भिंतीत काजळी असेल. मी तिथे उगाच थोडा वेळ उभी होते. तू फुंकणी न वापरता हाताने वारा घालायचीस, आणि विस्तव पेटला की त्याला "ये रे आळशी" म्हणायचीस. मी याउंदेला गॅसची शेगडी पेटवताना एकदा तसं म्हटलं, तर खोलीतली मैत्रीण बघतच राहिली.

आई अळकुड्या कुटत होती. मी उखळापाशी बसले आणि सरळ विचारलं.

"पाणी तू फेकलंस हे सिरीला समजलंय."

"कोण म्हणतं?"

"तीच. मडकं मला उचललं नसतं म्हणते."

"अजून माझी भांडी मोजतेच का ती?"

"मडकं तिचं होतं, आई."

ती कुटत राहिली. मग म्हणाली, "शाळेत घातलं, शहरात पाठवलं. आईविरुद्ध साक्ष द्यायचं तिथेच शिकवतात का?"

"तेव्हा का बोलली नाहीस?"

"पिसाला हात लावलेल्या पोरीला तेव्हा राजवाड्यात ठेवून घ्यायचे, लग्न होईपर्यंत. राण्यांची शेतं खणायला. बामेंडाची शाळा कुणी पाहिली असती? मी?"

"हे एक कारण झालं."

तिने मुसळ थांबवलं. मला वाटलं, उठून जाईल. पण तिने हाताला चिकटलेलं निपटून काढलं आणि म्हणाली, "दुसरं तुला माहीत आहे. तुझा बाप तिच्या चुलीपाशी हसायचा. माझ्या चुलीपाशी नुसता जेवायचा." आणि थोड्या वेळाने, "ती गेल्यावर कुठेच हसला नाही. मला काय मिळालं ते तूच मोज."

मी ते इथे लिहिते आहे, कारण तू खरं मागितलंस. तिची बाजू मांडत नाही.

पांना मी काही सांगितलं नाही. ते आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. चौदा वर्षं नाचाच्या दिवशी मागच्या बाकावर बसतात, ढोलवाल्यांच्या शेजारी, जिथे ढोलाच्या आवाजाने बोलता येत नाही. "बरं आहे," म्हणतात, "कुणाला उत्तर द्यावं लागत नाही." शनिवारी सकाळी ते ओसरीत बसून टोपी ब्रशने झाडत होते. पिसाची जागा, ते छोटं भोक, त्यांनी काडीने साफ केलं. मला बघून म्हणाले, "धूळ बसते गं, लुम." शपथेबद्दल विचारलं तर म्हणाले, "शब्द आहेत. राजवाड्यात शब्द लागतात." पण हे बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बोलले तर पांचं पीस जाईल, आईची मान खाली जाईल. नाही बोलले तर तुझं घर कायमचं बंद. दोन्हींची बेरीज करून उत्तर काढता येईल असं मला वाटत होतं. निघत नाही.

बाराला मी तिथे असेन. पाणी फेकल्याचं मी माझ्याच अंगावर घेणार आहे. तिथे मडक्याचं वजन माहीत असलेलं कुणी नाही. तुला हे पटणार नाही, तरी सांगून ठेवते.

एक विचारायचं राहिलं होतं. शपथ थांबली तर तू परत येशील का?

लुम


म्बेलेम
१४ डिसेंबर

मा सिरी,

हे पत्र आकोनच्या शाळेचे मास्तर घेऊन येत आहेत. ते उद्या पोचतील. माझ्या आधी दुसऱ्या कुणाकडून तुकडे ऐकले असशील तर ते बाजूला ठेव. क्रमाने लिहिते.

तुझी शेवटची ओळ मी जाताना खिशात ठेवली होती: "येईन की नाही हे मला विचारू नकोस, विचारायचं त्याने विचारावं. तू आधी माझं नाव सोडवून आण."

बाराला सकाळी पा काळा भरतकामाचा अंगरखा चढवत होते. आई मैदानात आधी गेली होती. मी त्यांना तेव्हा सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. अंगठ्याचा ठसा, कान्वा, रंग. मडक्याबद्दल मी "ओतून दिलं" एवढंच म्हटलं. ते अंगरख्यात अर्धे अडकलेले, एक हात बाहेर. पूर्ण ऐकलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"सिरीला माहीत होतं?"

"हो. माझी नखं पाहिली होती तिने."

"आणि ती बोलली नाही."

"नाही."

त्यांनी दुसरा हात बाहीत घातला. टोपी घेतली.  राजवाड्याच्या शेवटच्या पायरीवर म्हणाले, "कान्वा आणलास का?"

मी आणला होता. बाटलीत विरघळवून, गाळून, सोबत प्राणिसंग्रहालयातलं एक पीस. माझी तयारी पूर्ण होती. ती दहा मिनिटांत कोसळली.

राजाशी बोलायच्या रीतीप्रमाणे पांनी तीन टाळ्या वाजवल्या, तोंडापुढे ओंजळ धरली आणि राजाला म्हणाले, "शपथेआधी माझी मुलगी बोलेल." राजाने मान हलवली. मी बोलले. ओंजळीतून बोलताना स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटतो, त्याची मदत झाली. मी केलेलं सांगितलं, मग बाटली आणि माझं पीस बाहेर काढलं. पा फ्रु आता काठी घेऊन असतात, पण जीभ तीच आहे.

"शहरातलं पीस," ते म्हणाले. "शहरात काय, लोक केस पण लाल रंगवतात. हे पाण्यात रंग सोडेल नाहीतर नाचेल, आमच्या पिसाचं काय?"

"हाच पक्षी आहे, पा फ्रु."

"पक्षी हाच असेल. पिंजऱ्यातला. आमचं पीस जंगलात सापडलेलं असतं, राजाच्या हातून आलेलं. ते असं पाण्याला घाबरतं?"

लोक हसले. मी काय सांगणार होते? तांबं तेच आहे, कडं तेच आहे, पिंजऱ्याने ते बदलत नाही, हे मी कुणाला सांगणार होते? मी उभी राहिले. प्रयोग बरोबर असून समोरच्याला तो आपला वाटत नाही, याची तयारी कुठल्याच पुस्तकात नव्हती.

तेव्हा पा म्हणाले, "मग माझं बुडवा."

लाकडी ताटलीत त्यांच्यासाठीचं पीस ठेवलं होतं. राजा स्वतः बोलला, नेहमीसारखा बोलणाऱ्या माणसामार्फत नाही. तो माझ्याच वयाचा आहे. "आंबे, सहा वर्षांत जंगलात एवढं एकच सापडलंय. झाडं तुटली, पक्षी राहिला नाही. हे गेलं तर तुझ्यासाठी दुसरं नाही."

"राजा, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. सहा वर्षं थांबायचा माझाही विचार नाही."

 पांनी पीस स्वतः उचललं. मला हात लावायला दिला नाही. ते बाटलीच्या तोंडात मावेना, म्हणून ताडीचा पांढरा कप मागवला, माझं पाणी त्यात ओतलं आणि पीस आत सोडलं.

मग आम्ही थांबलो. एवढी माणसं एका कपाकडे बघत बसलेली मी पाहिली नव्हती. वाटून खायला कोलाच्या बिया फोडल्या गेल्या. कुणीतरी विचारलं, "झालं का?" पा फ्रु म्हणाले, "कोंबडी अंडं घालतेय का, सारखं विचारायला?" दहा मिनिटांनी कड गुलाबी झाली. कुजबुज झाली, मग सगळे उठून पुढे आले, राजाच्या बायकाही. तासाभरात कप लालभडक. पांनी पीस दोन बोटांनी वर धरलं. राखी, थेंब गळणारं. त्यांनी ते चौदा वर्षांपूर्वी न बघताच डोक्यावर घातलं होतं. या वेळी बराच वेळ बघितलं.

पा फ्रु कपाकडे बघत राहिले. त्यांना हार मानायची नव्हती. "ठीक," म्हणाले, "रंग पाण्याने गेला. पण पोरगी एवढीशी होती. मडकं कुणी ओतलं? एवढं लाल पाणी अंगणात गेलं आणि कुणी पाहिलं नाही? घरात एकच जण खोटं बोलत होतं हे मला पटत नाही."

मी तोंड उघडलं. माझं वाक्य तयार होतं. माझ्या मागून आई म्हणाली, "बस. मी ओतलं."

तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, ओंजळही धरली नाही. बायकांच्या रांगेतून तशीच उभी राहिली. "मी ओतलं, केळीच्या बुंध्याशी. पोरीला गप्प मीच बसवलं. सिरी निघाली तेव्हा मी दारात उभी होते आणि मला बरं वाटलं. आणखी काही विचारायचंय, फ्रु, का आता तुमच्या घरातलं विचारू?"

पा फ्रु बसले.

म्हातारे आपापसात बरंच बोलले. शेवटी ठरलं ते असं की पीस खोटं नव्हतं. घरात खोटं होतंच, बोट चुकीच्या बाईकडे गेलं. मला म्हणायचं होतं की रंग आधी गेला, खोटं नंतर आलं, क्रम महत्त्वाचा आहे. पण मी तो वाद घातला नाही. त्यांना त्यांचं पीस राहू दे. माझ्यापुरतं एवढं पुरे होतं की शपथ झाली नाही, आणि राजाने तुझं नाव घेऊन सांगितलं, "आकोनच्या सिरीवर दोष नाही." येत्या बुधवारी, तुमच्या बाजाराच्या दिवशी, राजवाड्याचा माणूस दुहेरी घंटा वाजवत हे आकोनमध्ये सांगेल. मोठ्याने, तुझं पूर्ण नाव घेऊन. बाजारात जा किंवा जाऊ नकोस. घंटा घरापर्यंत ऐकू येते.

आईला दंड झाला: दोन कोंबड्या आणि वर्षभर नाचात बसायला बंदी. घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. एकदाच मागे वळून म्हणाली, "मला माफी मागता येत नाही. हे तिला लिहून टाक, म्हणजे वाट बघणार नाही." लिहिलं.

पा मागच्या बाकावरच बसले. ढोलवाल्यांनी त्यांना जागा करून दिली. नाच सुरू झाला आणि त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ढोलात ऐकू येईना, तेव्हा त्यांनी माझा हात ओढून कानाशी तोंड आणलं. म्हणाले, "गुरुवारी आकोनला जातो."

हे तुला आधी कळावं म्हणूनच हे पत्र. रीत तुला माहीत आहे: ज्याने बायको घराबाहेर काढली, त्याने तिच्या भावाच्या कुंपणापाशी उभं राहायचं आणि आतून हाक आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ते पायी येणार आहेत. गाडी नको म्हणाले. तू चालत गेलीस. टोपी मुद्दाम तीच घालणार आहेत, भोक रिकामं.

तुझ्यावतीने मी काही ठरवलेलं नाही, त्यांना काही कबूल केलेलं नाही. नाव तुझं सुटलं आहे. ते त्यांच्या येण्यावर किंवा तुझ्या हाक मारण्यावर अवलंबून नाही, हे लक्षात ठेव. हाक मारावीशी वाटली तर मार.

आज सकाळी मी त्यांना विचारलं, किती वेळ उभे राहणार. त्यांनी खरोखर हिशोब केला. "चौदा वर्षं काही जमायची नाहीत," म्हणाले, "गुडघे राहिले नाहीत. पण दिवस मावळेपर्यंत उभा राहीन. मग तिथल्या शाळेच्या ओसरीत झोपेन, आणि सकाळी पुन्हा."

लुम